कपलिंग तुटले आणि खटला सांधेवाल्यावर चालला

हे प्रकरण कशाचे

रशियन भाषेत एक जुने वचन आहे: दोष सांधेवाल्याचा. सांधेवाला म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, आपल्याकडचा पॉइंट्समन. गाडी घसरली, दोन गाड्या भिडल्या, वाघिणी यार्डात तुंबल्या, की वरपासून खालपर्यंत जबाबदारी झटकली जाते आणि शेवटी ती ज्याच्या खाली कोणीच नाही अशा माणसावर येऊन थांबते. हे वचन झारच्या काळापासूनचे आहे. कामगारांच्या नावाने सत्तेवर आलेल्या सोव्हिएत राजवटीत ते पुसले जायला हवे होते. तसे झाले नाही. १९३० मध्ये वाहतूक कामगारांसाठी वेगळी न्यायालये निघाली आणि ती १९५७ पर्यंत चालली.

त्या न्यायालयांचे रशियन नाव ‘लिनेयनी सूद’. लिनिया म्हणजे लाइन, सूद म्हणजे न्यायालय. मी त्यांना मार्ग-न्यायालय म्हणणार आहे. या लेखात एकाच निर्णयाचा माग काढला आहे: रेल्वे कोलमडत असताना तिच्यावर फौजदारी न्यायालयाचा उपाय का निवडला गेला आणि पुढे त्याचे काय झाले. नावे फक्त सार्वजनिक नोंदीतल्या व्यक्तींची आहेत. मध्ये एका कामगाराचे चित्र येते, ते कोणा एका माणसाचे नाही. कायद्यातले शब्द आणि त्या काळची कामाची पद्धत यांवरून मी ते मांडले आहे.

पार्श्वभूमी

१९२८ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि देशाचे सगळे ओझे रुळांवर आले. डोनबासचा कोळसा, क्रिवॉय रोगचा लोहदगड, व्होल्गाकाठचे धान्य, उत्तरेचे लाकूड, सगळे रेल्वेनेच जायचे. उरलच्या पायथ्याशी मॅग्निटोगोर्स्कचा पोलाद कारखाना उभा राहत होता आणि त्याचा कोळसा सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या कुझनेत्स्क खोऱ्यातून आणायचा होता. १९२८ मध्ये मालवाहतूक ९३.४ अब्ज टन-किलोमीटर होती, ती १९३२ मध्ये १६९.३ अब्जांवर गेली. याच काळात लोहमार्गांची लांबी सुमारे ७७ हजार किलोमीटरवरून सुमारे ८२ हजारांवर पोचली. म्हणजे माल ऐंशी टक्क्यांनी वाढला आणि रूळ सहा-सात टक्क्यांनी. पुढचे सगळे या दोन आकड्यांतल्या अंतरात घडले.

जाणकार माणसेही कमी होत चालली होती. १९२८ च्या शाख्ती खटल्यापासून (डोनबासच्या खाण-अभियंत्यांवरचा जाहीर खटला) जुन्या अभियंत्यांवर ‘घातपाती’ असा शिक्का बसू लागला. मे १९२९ मध्ये निकोलाय फॉन मेक आणि वेलिच्को या रेल्वेतल्या जुन्या जाणकारांना गोळ्या घालण्यात आल्या. फॉन मेक हे क्रांतीपूर्वी मॉस्को-कझान रेल्वेच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष होते. ‘या इंजिनाला एवढा भार ओढवणार नाही’, ‘या पुलावर वेग कमी ठेवा’ असे कागदावर लिहून खाली सही करणे हे रेल्वे अभियंत्याचे रोजचे काम असते. ज्यांनी आयुष्यभर अशा सह्या केल्या त्यांचाच शेवट असा झाल्यावर बाकीच्यांची लेखणी किती मोकळेपणाने चालली असेल, याची कल्पना कोणत्याही सरकारी खात्यात काम केलेल्या माणसाला येईल.

तिसरी गोष्ट इंजिनांची. पूर्वी एक इंजिन ठरलेल्या ड्रायव्हर-फायरमनच्या हाताखाली असे. माणूस आपल्या इंजिनाचा आवाज ओळखे, कुठला नट सैल होतो ते त्याला पाठ असे. १९३० च्या सुमारास, इंजिन एक क्षणही उभे राहू नये म्हणून ही बांधणी मोडली गेली. जो मोकळा असेल त्याने जे उभे असेल ते इंजिन घेऊन निघायचे. याला रशियनमध्ये ‘ओबेझलिच्का’ म्हणत, म्हणजे कोणाचेच तोंड नसलेले काम. इंजिन कोणाचेच राहिले नाही आणि भराभर बिघडू लागले. २३ जून १९३१ च्या भाषणात स्टालिननेच या पद्धतीवर टीका केली आणि इंजिने पुन्हा ठरावीक जोड्यांच्या हाती द्यायला सुरुवात झाली. तोवर नुकसान होऊन गेले होते, आणि मार्ग-न्यायालयेही सुरू झाली होती.

नेमकी अडचण काय होती

हे समजून घ्यायला दोन डब्यांच्या मधल्या जागेत शिरावे लागेल. लहानपणी भुसावळच्या यार्डात मी स्क्रू कपलिंग जोडताना पाहिले आहे. माणूस बफरांखालून वाकून आत जातो, लोंबकळणारी जड कडी दोन्ही हातांनी उचलून समोरच्या हुकात टाकतो, मग मधला स्क्रू आटे फिरवत आवळतो. हात ग्रीसने काळे होतात, डोके दोन बफरांच्या मधोमध असते, आणि गाडी हातभर जरी मागे सरली तरी तिथे जागा उरत नाही. हे काम पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

१९३० मध्ये सोव्हिएत मालगाड्या अशाच कपलिंगवर चालत होत्या. एका कडीची ताकद ठरलेली असते. गाडी लांब आणि जड होत गेली, इंजिने बळकट होत गेली, कडी मात्र तीच राहिली. त्यात रशियाची थंडी. कडाक्याच्या गारठ्यात लोखंड ठिसूळ होते. चढावर इंजिनाने हिसका दिला की मधली एखादी कडी तुटते आणि गाडीचे दोन तुकडे होतात. सगळ्या मालडब्यांना सलग हवेचे ब्रेकही नव्हते. काही डब्यांवर हातब्रेक, त्यांच्या उघड्या ओट्यावर मेंढीच्या कातड्याच्या कोटात गारठलेला ब्रेकवाला. मागचा तुकडा उतारावरून मागे घरंगळू लागला तर तो अडवणे या चारदोन माणसांच्या मनगटावर अवलंबून असे.

जे तुटत होते त्यावर तांत्रिक उपाय होते. मात्रोसॉव्हचा मालगाडी-ब्रेक १९३२ मध्ये स्वीकारला गेला. स्वयंचलित कपलिंग बसवायला १९३५ मध्ये सुरुवात झाली. पण या गोष्टींना पोलाद लागते, कारखाने लागतात, वर्षे लागतात. सरकारला गाड्या त्याच हिवाळ्यात वेळेवर धावायला हव्या होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय होता ओझे कमी करण्याचा. योजनेचे आकडे रुळांच्या ताकदीइतके खाली आणायचे. हा पर्याय गंभीरपणे टेबलावर आला असेल असे त्या वर्षांचे वातावरण पाहता वाटत नाही. आकड्याला हात लावणाऱ्याचीच देशनिष्ठा तपासली जात होती.

दुसरा पर्याय, अपघाताची तांत्रिक चौकशी शिक्षेपासून वेगळी ठेवण्याचा. हा त्या काळी अनोळखी नव्हता. ब्रिटनमध्ये १८४० पासून रेल्वे निरीक्षक होते आणि अपघातांचे त्यांचे अहवाल छापले जात. साक्ष देणाऱ्याला ‘खरे सांगितले तर तुरुंग’ ही धास्ती जितकी कमी, तितका अहवाल उपयोगाचा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षक रेल्वे बोर्डाच्या हाताखालून काढून टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. आज रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

तिसरा पर्याय नेहमीच्या लोकन्यायालयांचा. ती गावोगाव होतीच. पण त्यांच्यापुढे चोरीपासून पोटगीपर्यंत सगळेच येई, आणि ब्रेकच्या नळीतला दाब किती असावा हे न्यायाधीशाला कळेलच याची खात्री नव्हती. ही तक्रार अगदीच खोटी नव्हती, हे मान्य करायला हवे. विषय जाणणारे न्यायालय असावे ही मागणी जगात अनेक ठिकाणी प्रामाणिकपणे झाली आहे.

चौथा पर्याय जुन्या वाटेचा. यादवी युद्धात, २८ नोव्हेंबर १९१८ रोजी, रेल्वेवर लष्करी कायदा लागू झाला होता. १९२० मध्ये ट्रॉट्स्कीकडे रेल्वे खाते आले, तेव्हा रेल्वेची क्रांतिकारी लष्करी न्यायासनेही काम करत होती. देश उपाशी होता, इंजिने शेकड्यांनी मोडून पडली होती, आणि तेव्हा हुकमाच्या जोरावर गाड्या हलल्या होत्या. ज्यांनी ते पाहिले होते तेच लोक दहा वर्षांनी निर्णय घेत होते. एकदा लागू पडलेले औषध पुन्हा हाताशी येते, दुखणे वेगळे असले तरी.

पहिला निर्णय: वेगळे न्यायालय

२७ नोव्हेंबर १९३० रोजी केंद्रीय कार्यकारी समिती आणि लोककमिसार परिषद, म्हणजे तेव्हाचे मंत्रिमंडळ, यांनी रेल्वेवर मार्ग-न्यायालये स्थापन करण्याचा ठराव केला. वाहतूक विस्कळीत करणारे गुन्हे त्यांच्याकडे गेले. एक अध्यक्ष-न्यायाधीश आणि दोन लोकप्रतिनिधी-सदस्य ही नेहमीची सोव्हिएत रचना. बाजू मांडायला वाहतुकीचे वेगळे सरकारी वकील, तपासात गुप्त पोलिसांच्या वाहतूक शाखेचाही हात, आणि वर अपिलाला थेट सोव्हिएत संघाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वाहतूक विभाग. जून १९३४ मध्ये नद्या आणि समुद्रावरच्या वाहतुकीसाठीही अशीच न्यायालये निघाली.

मला इथे खरा अडथळा दिसतो तो रचनेत. न्यायालय रेल्वेच्या मार्गागणिक बसवले होते. त्याच्या हद्दीत येणारे आरोपी रेल्वेचे, साक्षीदार रेल्वेचे, तज्ज्ञ म्हणून बोलावले जाणारे अभियंतेही त्याच रेल्वेचे. डेपोप्रमुखाने कडी बदलायला पैसे मागितले होते का, ते कोणी नाकारले, हे विचारायचे झाले तर न्यायालयाला आपल्याच मार्गाच्या व्यवस्थापनाला आणि त्यामागून खात्याला प्रश्न करावा लागणार. विषयाची जाण मिळवण्यासाठी अंतर गमावले गेले. निकालांवर या एका गोष्टीचा जितका परिणाम झाला तितका न्यायाधीशाच्या चांगल्या-वाईटपणाचा झाला नसावा.

दुसरा निर्णय: कलमातले चार शब्द

न्यायालय निघाले, पण शिक्षा कशाची? २३ जानेवारी १९३१ च्या ठरावाने त्याचे उत्तर दिले आणि रशियन प्रजासत्ताकाच्या दंडसंहितेत ५९-३-व हे कलम आले (‘व’ हे रशियन वर्णमालेतले तिसरे अक्षर). या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ मी इथे थांबणार आहे, कारण पुढची वाट या कलमाच्या वाक्यरचनेने ठरली.

वाहतूक कामगाराने कामाची शिस्त मोडली, म्हणजे चालनाचे नियम मोडले, दुरुस्ती निकृष्ट केली, असे काही झाले आणि त्यामुळे डबे-इंजिनांचे किंवा रुळांचे नुकसान झाले, माणसांना अपघात झाला, गाडी किंवा जहाज वेळेवर सुटले नाही, उतरवण्याच्या जागी रिकामे डबे साचले, वाघिणी उभ्या राहिल्या, तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास. कृत्य उघड दुष्टाव्याने केलेले असेल तर मृत्युदंड आणि मालमत्ता जप्त.

आणि या सगळ्या परिणामांच्या आधी कलमात एक जोड होती: असा परिणाम झाला ‘किंवा होऊ शकला असता’.

हे चार शब्द पुन्हा वाचा. गाडी उशिरा सुटणे आणि गाड्या भिडून माणसे मरणे एकाच वाक्यात, एकाच कमाल शिक्षेखाली. वर, काही घडलेच पाहिजे अशी अटही नाही. रेल्वेच्या यार्डात अशी कोणती चूक आहे जिच्यामुळे गाडी उशिरा सुटू ‘शकली नसती’? कंदील पुसायला विसरणे, वहीत नोंद दहा मिनिटे मागेपुढे होणे, सांध्यात अडकलेला बर्फ खरवडायला थोडा वेळ लागणे, सगळे आत येते. कलम जितके रुंद, तितका आरोपी निवडण्याचा अधिकार कायद्याच्या हातून सुटून निवडणाऱ्याच्या हाती जातो.

आता ते चित्र. जानेवारीची रात्र, चढाचा मार्ग, कोळशाने भरलेली गाडी. कडी तुटते, मागचे पंधरा डबे घरंगळतात, ब्रेकवाले जिवाच्या आकांताने चाके आवळतात आणि डबे स्टेशनाच्या अलीकडे थांबतात. कोणी मेले नाही. दोन डबे घसरले आणि मार्ग सहा तास बंद राहिला.

तपास अधिकारी सकाळी येतो. त्याच्यासमोर तीन माणसे उभी आहेत. कपलिंग आवळणारा: त्याने स्क्रू पुरता आवळला नाही, म्हणून हिसका बसला. ड्रायव्हर: त्याने वाफ एकदम उघडली, म्हणून हिसका बसला. डबे तपासणारा: त्याला कडीतली बारीक चीर दिसायला हवी होती, हातात मिणमिणता कंदील आणि कडीवर बोटभर बर्फ असला तरी. तिघांपैकी कोणालाही कलम लागू होते, तिघांनाही लागू होते. तुटलेली कडी पुराव्याच्या टेबलावर येते. ती किती वर्षांची आहे, ती मुळात किती भारासाठी बनवली होती आणि त्या रात्री तिच्यावर किती भार होता, हे प्रश्न कलमात बसत नाहीत. भार योजनेने ठरवला होता आणि योजना आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहू शकत नव्हती.

असे खटले अनेकदा डेपोच्या सभागृहात सहकाऱ्यांसमोर चालवले जात. हेतू धडा मिळावा हा होता, आणि धडा मिळालाही. पुढच्या वेळी बारीक चीर दिसली की ती नोंदवायची की नाही, याचा हिशोब बाकावर बसलेला प्रत्येक तपासनीस मनात मांडत असणार. नोंदवली तर डबा काढावा लागतो, गाडी उशिरा सुटते, आणि उशीर हाही त्याच कलमातला गुन्हा. नोंदवली नाही तर कदाचित काहीच होणार नाही. सुरक्षेसाठी ज्या माणसाने तोंड उघडायला हवे, त्यालाच गप्प बसणे कमी धोक्याचे वाटेल अशी ही मांडणी होती.

तिसरा निर्णय: १९३५ ची वळणाची जागा

पाच वर्षांत खात्याचे प्रमुख बदलत गेले. रुद्झुताक, रुखिमोविच, आंद्रेयेव आणि २८ फेब्रुवारी १९३५ पासून लाझार कागानोविच. कागानोविचने आल्यावर तीन आठवड्यांत, १९ मार्चला, अपघातांविरुद्धचा प्रसिद्ध आदेश काढला. त्यातले आकडे खात्याने स्वतः दिलेले आहेत: १९३४ या एका वर्षात ६२ हजार अपघात आणि टकरी, सुमारे सात हजार इंजिनांचे नुकसान, साडेचार हजारांवर डब्यांचा चुराडा आणि साठ हजारांवर डबे नादुरुस्त. मार्ग-न्यायालये सुरू होऊन चार वर्षे झाली होती, कलम लागू होऊनही चार वर्षे. शिक्षेने अपघात थांबत नाहीत याचा याहून स्पष्ट पुरावा कोणाला हवा होता?

त्याच आदेशात अशी कबुलीही आहे की अपघातांशी खरा सामना करण्याऐवजी सरसकट शिक्षा ठोकण्याचे आणि लोकांना कोर्टात धाडण्याचे काम चालले आहे. हे खात्याच्या सर्वोच्च माणसाच्या सहीने लिहिले गेले. म्हणजे दुखणे कळले होते. मागे फिरायची जागा हीच होती: कलमातून ‘होऊ शकला असता’ काढायचे, उशिराला शिस्तभंगाच्या कारवाईपुरते ठेवायचे आणि अपघाताच्या तांत्रिक अहवालाला खटल्यापासून संरक्षण द्यायचे. यातले काही झाले नाही. आदेशाची भाषा लष्करी होती, अपघात म्हणजे लढाईतला पराभव. पराभवाला कोणीतरी जबाबदार लागतो.

पुढे दिवसाची सरासरी लदान १९३४ मधल्या सुमारे ५६ हजार वाघिणींवरून १९३५ मध्ये ६८ हजारांवर आणि १९३६ मध्ये ८६ हजारांवर गेली. हा आकडा पुढे करून धाकाचा उपयोग झाला असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे डावलून चालणार नाही, कारण वाढ खरी होती. पण न्यायालये १९३१ मध्येही होती, १९३३ मध्येही होती, तेव्हा आकडा हलला नव्हता. १९३५ नंतर बदलले ते दुसरेच: रेल्वेला अधिक पैसा मिळाला, लुहान्स्कची ताकदवान ‘एफडी’ इंजिने मार्गावर येत गेली, ब्रेक बदलत गेले. माझ्या मते श्रेय तिकडे जाते.

त्याच वर्षी डोनबासच्या स्लाव्यान्स्क डेपोतला तरुण ड्रायव्हर प्योत्र क्रिवोनोस याने बॉयलर ठरलेल्या मर्यादेपलीकडे ताणून मालगाड्या जवळजवळ दुप्पट वेगाने नेल्या. तो देशाचा नायक झाला आणि जे अभियंते ‘मर्यादा आहेत’ म्हणत होते त्यांना ‘मर्यादावाले’ म्हणून हिणवले गेले. क्रिवोनोस कुशल होता यात शंका नाही. पण त्याचे अनुकरण करणाऱ्या एखाद्या सामान्य ड्रायव्हरची त्याच वेगात गाडी घसरली असती, तर त्याचे तेच कृत्य ५९-३-व खाली आले असते. नियम मोडणे म्हणजे शौर्य की गुन्हा, हे गाडी पोचल्यावर ठरणार होते.

पुढे काय झाले

१९३७-३८ च्या दमनपर्वात मार्ग-न्यायालयेही मागे पडली. अटकांची संख्या आणि वेग असा होता की अनेक रेल्वे कामगारांपर्यंत कुठलेही नियमित न्यायालय पोचलेच नाही. मांचुरियातल्या रेल्वेवर काम करून परतलेल्यांविरुद्ध सप्टेंबर १९३७ मध्ये वेगळी मोहीमच निघाली आणि तिचे निवाडे याद्यांवर झाले. खात्याचे माजी प्रमुख रुद्झुताक आणि रुखिमोविच, तसेच माजी न्यायमंत्री क्रिलेन्को, यांना जुलै १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या.

कागदावर मात्र व्यवस्था पक्की होत गेली. १९३६ च्या राज्यघटनेत विशेष न्यायालयांना जागा मिळाली आणि ऑगस्ट १९३८ च्या न्यायव्यवस्था कायद्यात लष्करी न्यायासनांच्या जोडीला रेल्वेची आणि जलवाहतुकीची मार्ग-न्यायालये नोंदली गेली. न्यायाधीश स्वतंत्र असून फक्त कायद्याला बांधील आहेत, असे त्याच घटनेचे ११२ वे कलम सांगत होते.

युद्धात, १५ एप्रिल १९४३ रोजी, सर्व रेल्वेवर लष्करी कायदा लागू झाला, मे महिन्यात जलवाहतुकीवरही, आणि मार्ग-न्यायालयांची लष्करी न्यायासने झाली. कामगार सैनिकाइतकाच जबाबदार धरला जाऊ लागला. त्या वेळी रूळ हीच आघाडी होती, बॉम्ब पडत असताना लोकांनी इंजिने चालवली, आणि त्या काळातली कठोरता मी शांततेतल्या कठोरतेच्या तराजूत तोलणार नाही. युद्धानंतर न्यायासनांची पुन्हा वाहतूक न्यायालये झाली.

शेवटी १२ फेब्रुवारी १९५७ च्या कायद्याने वाहतूक न्यायालये रद्द झाली आणि त्यांची प्रकरणे नेहमीच्या न्यायालयांकडे गेली. स्टालिनच्या मृत्यूला चार वर्षे होत आली होती.

१९३५ मध्ये सुरू झालेले स्वयंचलित कपलिंग बसवण्याचे काम त्याच वर्षी, १९५७ मध्ये, पूर्ण झाले. या दोन गोष्टींचा थेट संबंध मी जोडत नाही. पण न्यायालय एका ठरावाच्या तारखेने सुरू झाले होते आणि कडी बदलायला बावीस वर्षे लागली, एवढे नोंदवतो.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट कलमाची. प्रत्यक्ष परिणाम आणि संभाव्य धोका यांना वेगळी शिक्षा ठेवणे १९३१ मध्येही अवघड नव्हते. १९६० च्या रशियन दंडसंहितेने ते केले. तिच्या ८५ व्या कलमात अपघात किंवा गंभीर परिणाम झाला तर तीन ते पंधरा वर्षे, आणि जाणूनबुजून तसा धोका निर्माण केला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग किंवा त्याहून सौम्य शिक्षा होती. ‘जाणूनबुजून’ हा शब्द त्या जानेवारीच्या रात्री मिणमिणता कंदील घेऊन फिरणाऱ्या तपासनीसाला वाचवायला पुरेसा ठरला असता.

दुसरी गोष्ट न्यायालयाच्या जागेची. विषय जाणणारा न्यायाधीश हवा होता तर नेहमीच्या न्यायालयात तज्ज्ञ बोलावता आला असता, दुसऱ्या मार्गावरचा. मार्गाचे न्यायालय मार्गावरच बसवणे ही गरज नव्हती, सोय होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती न्यायालयाबाहेरची आहे. ‘हा डबा काढा’ असे लिहिणाऱ्या तपासनीसाचा कागद कुठे जातो? तो डेपोप्रमुखाच्या खणात जात असेल आणि गाडी तरीही सुटत असेल, तर खटल्याच्या दिवशी तो कागद टेबलावर आणण्याची सक्ती कुठल्यातरी नियमात हवी होती. तुटलेली कडी जशी पुरावा म्हणून येते तशी तिच्याबद्दलची जुनी नोंदही यायला हवी, नोंदीवर कोणी काय शेरा मारला आणि भार कोणी ठरवला त्या सहीसकट. तसा नियम असता तर तिघांच्या शेजारी चौथी खुर्ची मांडावी लागली असती, आणि कडी बदलायचे पैसे त्या खुर्चीवरच्या माणसाने त्याच हिवाळ्यात मागितले असते.